जपानमध्ये पहिलंच स्कीइंग: नीसेको, हाकुबा की आणखी कुठे?

गारवेल | ३ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

सहा-सात वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत आठ दिवस जपानला जायचं घाटतंय. धाकटे दीर टोकियोत निशिकासाईला राहतात, त्यामुळे तिथली चिंता नाही. त्यातले चार दिवस बर्फात काढायचे आहेत. आम्ही सहा जण: मी, नवरा, मुलगा (१४), मुलगी (९), सासरे (७३) आणि सासूबाई (६९). स्कीइंग आजवर कुणीच केलेलं नाही. बर्फ पाहिलाय तो सोलंगचा, घोड्यांनी तुडवलेला.

लेकाने रील्स बघून नीसेकोचा जप लावलाय. नवऱ्याच्या ऑफिसात सगळे हाकुबा म्हणतात. नीसेकोच्या हॉटेलांचे दर बघून नवऱ्याने न बोलता लॅपटॉप मिटला. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासऱ्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, पण गरम पाण्याच्या कुंडांचं त्यांना भारी वेड. वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ सगळं करून झालंय, आता जपान.

कुठे जावं?

अण्णा_बेळगाव | ३ ऑक्टोबर, रात्री १०:४०

बर्फच बघायचा तर गुलमर्ग काय वाईट आहे? उगाच परदेशात पैसे घालायचे. जेवायला राजमा-चावल तरी मिळेल.

गारवेल | ३ ऑक्टोबर, रात्री १०:५१

अण्णा, दीर गुलमर्गला राहत नाहीत हो. :)

हिमगौरी_सिडनी | ४ ऑक्टोबर, पहाटे ५:३०

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, तेव्हा अर्धं ऑस्ट्रेलिया होक्काइदोला, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर पळतं. त्या अर्ध्यात आम्हीही. तिथल्या नीसेकोला चार वेळा गेलोय.

लेकाचं काही चुकत नाही. तिथला बर्फ पिठीसाखरेसारखा आहे, मुठीत धरला तर गोळा वळत नाही. एकाच डोंगराच्या चार बाजूंना चार स्की-क्षेत्रं आहेत: हिराफू, हानाझोनो, नीसेको व्हिलेज आणि आन्नुपुरी. एका पासवर चारही करता येतात. समोर योतेई ज्वालामुखीचा सुळका, थेट फुजीचा धाकटा भाऊ. रात्री दिव्यांच्या उजेडातलं स्कीइंग तर विसरता येत नाही. इंग्रजी सगळीकडे चालतं, शिकवणारे अर्धेअधिक आमच्याकडचेच.

पण खरं सांगू का, तुमच्यासाठी नको. चारही बाजूंचा एका दिवसाचा पास दहा हजार येनच्या पुढे गेलाय आणि पहिले दोन दिवस तुम्ही बालवाडीच्या उतारावर पडण्यात घालवणार. पाठ शेकायला इतका महाग बर्फ कशाला? शिवाय टोकियोच्या हानेदा विमानतळावरून दीड तास विमान, मग चितोसे विमानतळावरून अडीच-तीन तास बस. त्यात वादळ आलं तर विमानतळच बंद. आम्ही एकदा मुलांसकट एक रात्र विमानतळाच्या फरशीवर काढली आहे. आजी-आजोबांना घेऊन हा जुगार मी खेळणार नाही.

सह्यवेडा | ४ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

इथे भूगोलाचा तास घेतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

नीसेको आन्नुपुरी शिखराची उंची १३०८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६! मग इतक्या ठेंगण्या डोंगरावर एवढा बर्फ कसा? हिवाळ्यात सैबेरियाकडून हाडं गोठवणारे कोरडे वारे निघतात. वाटेत जपानचा समुद्र, त्यात त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह. वारा त्यावरून येताना बाष्प पिऊन टम्म होतो, किनाऱ्यालगतच्या डोंगरांना धडकतो, वर चढतो आणि सगळं बर्फ होऊन खाली ओततो. थोडक्यात, आपला नैर्ऋत्य मोसमी वारा आणि घाटमाथा, फक्त पावसाऐवजी बर्फ. पश्चिमेकडचं निईगाता आणि नागानोचा उत्तर भाग म्हणजे आंबोली-गगनबावडा. टोकियो म्हणजे माण-खटाव: अख्खा हिवाळा निळंभोर कोरडं आकाश.

हे पुस्तकातून कळत नाही, आगगाडीतून कळतं. टोकियोहून निईगाताकडे जाणारी शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) दाइशिमिझु बोगद्यात शिरते. बोगदा २२ किलोमीटरचा. अलीकडे कोरडं ऊन आणि वाळकं गवत, पलीकडे छपरांवर पुरुषभर बर्फ. खंबाटकी ओलांडल्यावर हवा बदलते ना, तसंच, पण शंभर पटीने. मी कामानिमित्त दोनदा गेलोय, दोन्ही वेळा डब्यातल्या लोकांनी "ओऽऽ" केलं.

तेव्हा गारवेल, एवढं पक्कं करा: डोंगराच्या ओल्या बाजूला जा. सुक्या बाजूला यंत्राने केलेला बर्फ भेटतो.

सेंदाईचा_बाब्या | ४ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

सह्यवेडा, माण-खटावला दंडवत.

मी यामागाताच्या झाओचं नाव पुढे करतो. तिथे झाडांवर बर्फ आणि गोठलेले ढग इतके थापले जातात की सगळं रान भुतांची वरात वाटतं. त्याला 'जुह्यो' म्हणतात. स्की न येणारी माणसंही रोपवेने वर जाऊन बघू शकतात. खाली गंधकाचं कुंड, पाणी आम्लधर्मी, आणि गंधकाने चांदीची अंगठी काळी पडते. फेब्रुवारीत भुतं सगळ्यात धष्टपुष्ट असतात.

अवांतर: जपानला स्की शिकवली ती एका ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने, थिओडोर फॉन लेर्ख त्याचं नाव. १२ जानेवारी १९११ रोजी निईगाताच्या ताकादा गावात, सैनिकांना, तेही एकाच लांब काठीने. अजूनही १२ जानेवारी तिकडे 'स्की दिन' असतो.

पालेभाजी | ४ ऑक्टोबर, दुपारी १:१५

आजींच्या जेवणाचं कुणी बोलेल का? आमच्या सहलीत माझ्या आईने पाच दिवस केळी आणि दही यावर काढलेत. सगळ्यात 'दाशी' असतं, म्हणजे बहुधा माशाच्या किसाचा अर्क. मिसो सूप, सोबाचं (कुट्टूच्या शेवयांचं) पाणी, उकडलेल्या भाज्या, सगळीकडे. वरून दिसत नाही, वाढणाऱ्याला तो 'मासा' वाटत नाही, आणि तो हसून सांगतो की हे शाकाहारी आहे. डोंगरावरच्या कँटीनमधल्या करी-राइसमध्येही मांसाचे तुकडे किंवा मांसाचा रस असतोच, पिवळा रंग बघून हुरळू नका.

निशिकासाईकर | ४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

टोकियोत अकरा वर्षं झाली. दर हिवाळ्यात भारतातून कुणी ना कुणी येतं आणि त्यांना बर्फात नेण्याची जबाबदारी माझ्यावर. त्यामुळे जरा लांबण लावतो.

लोक विचारतात "सगळ्यात चांगला बर्फ कुठे?" शिकाऊ माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पहिल्या तीन दिवसांत तुम्हाला लागतो सपाटीकडे झुकणारा रुंद उतार, त्याच्या पायथ्याशी शौचालय आणि गरम चहा. मी आधी विचारतो, सामान किती वेळा उचलावं लागणार? आणि जे स्की करणार नाहीत ते सकाळी नऊ ते दुपारी तीन काय करणार? तुमच्या सहातली दोन माणसं स्की करणार नाहीत, बहुधा तिसरीही (नवरोबांना विचारा).

या कसोटीवर हाकुबा माझ्या यादीत खाली जातं. डोंगर म्हणून फार थोर. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकची डाउनहिल शर्यत तिथल्या हाप्पो-ओनेवर झाली. पण ते गाव नाही, खोरं आहे. दहा स्की-क्षेत्रं लांबवर पसरलेली, मध्ये बसगाड्या. नागानो स्टेशनपासून बसने सव्वा तास. राहायची जागा चुकली की रोज सकाळी सहा माणसांचे बूट आणि काठ्या घेऊन बस थांब्यावर उभं राहायचं. ज्याला स्की येते त्याला त्याचं काही वाटत नाही. आजोबांना वाटेल.

शिगा कोगेन उंच आहे, बर्फ मे महिन्यापर्यंत टिकतो, पण बाहेर फिरायला गाव असं नाहीच. हॉटेल आणि डोंगर, बस्स. कारुइझावा टोकियोहून शिंकान्सेनने तासा-सव्वा तासावर. सह्यवेडा म्हणतात तो सुक्या बाजूचा यंत्राचा बर्फ, पण ऊन छान आणि शेजारीच मोठं आउटलेट मॉल. एक दिवस गंमत म्हणून ठीक.

एकच दिवस जायचं असेल तर गाला युझावा. शिंकान्सेनचं स्टेशन आणि स्कीचं दालन एकाच इमारतीत: फलाटावरून वर आलात की समोर बूट भाड्याने देणारा काउंटर. टोकियोहून साधारण ऐंशी मिनिटं. परदेशी पासपोर्टवर मिळणारा तीन दिवसांचा टोकियो वाइड पास गालापर्यंत चालतो. शनिवार-रविवारी मात्र दादरचा पूल परवडला.

आणि चार रात्री असतील तर माझं मत डोळे मिटून नोझावा ओन्सेन. टोकियोहून होकुरिकु शिंकान्सेनने इइयामा, पावणेदोन तास. स्टेशनातूनच बस, पंचवीस मिनिटं, गावात. लक्षात ठेवा, 'कागायाकी' गाडी इइयामाला थांबत नाही, 'हाकुताका' पकडा. हे जुनं गरम पाण्याचं गाव आहे, स्की नंतर आली. तेरा सार्वजनिक स्नानगृहं, गावकरी स्वतः सांभाळतात, तिकीट नाही, दारातल्या पेटीत मनाला येईल ते टाकायचं. आजोबांना हे सांगूच नका, नाहीतर उद्याच निघतील. ओगामा नावाच्या उकळत्या झऱ्यात गावच्या बायका भाजी शिजवतात. आपण आत जायचं नाही, कठड्यापलीकडून बघायचं. डोंगराचा माथा १६५० मीटर, म्हणजे कळसूबाईच समजा. शिकाऊंसाठी पायथ्याशी हिकागेला मुलांचं मैदान आहे, आणि वर उएनोताइराला असा सौम्य उतार की तुमची मुलगी तिसऱ्या दिवशी तुम्हाला मागे टाकेल.

सेंदाईचा_बाब्या | ४ ऑक्टोबर, रात्री १०:०२

नोझावाला १५ जानेवारीला अग्नीचा उत्सव असतो तो राहिला. गावातले ४२ वर्षांचे पुरुष लाकडी देवळाच्या माथ्यावर बसतात, २५ वर्षांचे खाली पहारा देतात आणि बाकीचं गाव पेटत्या मशाली घेऊन चाल करून येतं. आपला शिमगा त्यापुढे भातुकली. तुम्ही फेब्रुवारीत जाताय, हुकला.

कोकणातली_माई | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

निशिकासाईकरांचं सगळं मान्य, पण एक मोठी गोष्ट त्यांनी लपवली आहे. नोझावा चढावर वसलंय. गल्ल्या अरुंद, पायऱ्या-पायऱ्यांच्या, संध्याकाळी त्यावर काच जमते. माझे यजमान तिथे स्कीवर एकदाही पडले नाहीत, जेवून परत येताना मात्र पडले आणि मनगट प्लास्टरमध्ये घालून मुंबईत उतरले. ७३ वर्षं आणि दुखरा गुडघा? मी तर गालाजवळचं युझावा गाव म्हणेन. तिथे रस्त्यात नळ्या पुरलेल्या असतात, जमिनीखालचं कोमट पाणी कारंज्यासारखं उडून बर्फ वितळवतं. रस्ता काळा दिसतो, पाय घसरत नाही. (मोजे भिजतात, ते वेगळं.)

निशिकासाईकर | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

माई, लपवलं नाही हो, विसरलो. मुद्दा शंभर टक्के बरोबर. उपाय दोन: खोली 'ओयु' या मुख्य स्नानगृहापासून शंभर-दोनशे पावलांत घ्यायची, नकाशावर नाही तर पायऱ्या मोजून. खोली देणाऱ्यांना मेल करून विचारा, सांगतात. आणि बुटाखाली बांधायचे रबरी काटे मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. लिफ्टपर्यंत चढायला सरकता रस्ता आहे, तो गावातूनच सुरू होतो.

अण्णा_बेळगाव | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:००

मनगट मोडायला जपान. वा.

गारवेल | ५ ऑक्टोबर, रात्री ११:२५

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी! माई, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मी काय नाचायला जाणार आहे का? त्या तेरा कुंडांचं परत वाच." म्हणजे नोझावा ठरल्यात जमा.

आता माझे प्रश्न: कपडे विकत घ्यायचे की भाड्याने? बॅगा मोठ्या आहेत, शिंकान्सेनमध्ये मावतील? आणि पालेभाजी, सासूबाईंचं काय करू?

हिमगौरी_सिडनी | ६ ऑक्टोबर, पहाटे ५:५०

जॅकेट-पँट भाड्याने. हातमोजे, बर्फाचा चष्मा (गॉगल) आणि टोपी बऱ्याच ठिकाणी भाड्याने देत नाहीत, विकत घ्या. हातमोज्यांवर कंजुषी करू नका, पहिल्या दिवशी तुम्ही चालणार हातांवरच. आत जीन्स अजिबात नको, ओली झाली की वाळत नाही. मोजा एकच, लांब आणि पातळ. दोन मोजे घातले की बुटात घड्या पडतात आणि नडगीला फोड येतात.

विमा घेताना 'हिवाळी खेळ' धरलेत का ते वाचा, बहुतेक साध्या पॉलिसीत नसतात. आणि लेकाला दम द्या: दोऱ्या बांधलेल्या असतील त्यापलीकडे जायचं नाही. झाडांच्या बुंध्याभोवती मऊ बर्फाची विहीर असते, माणूस डोक्यावर आत जातो आणि वरून दिसतही नाही. शोधपथकाचं बिलही आपल्यालाच येतं.

निशिकासाईकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

बॅगा उचलूच नका. काळ्या मांजरीचं चित्र असलेली यामातोची गाडी घरोघरी सामान पोचवते. निघायच्या दोन दिवस आधी दीरांच्या घरून पाठवा, तुमच्या आधी खोलीवर हजर. बर्फ फार पडला तर एक दिवस उशीर धरा, औषधं आणि एक कपड्यांचा जोड पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

औषधांवरून आठवलं, आपल्याकडच्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. दहा टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये आणायला बंदी आहे. पाकिटावर वाचून घ्या. कढीपत्ता, मिरच्या, फळंही ताजी आणू नका, विमानतळावर काढून घेतात. निशिकासाईत आपल्याकडचं सगळं मिळतं.

पालेभाजी | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

जेवणासकट खोली घेऊ नका, पारंपरिक जेवणात सोळा वाट्या येतात आणि आजींच्या कामाची त्यातली एक. नुसती खोली घ्या, मायक्रोवेव्ह आणि किटली आहे का ते विचारा. दुकानात पांढऱ्या भाताचे बंद डबे मिळतात, दोन मिनिटांत गरम मऊ भात, त्यात भाताशिवाय काही नसतं. मेतकूट, तूप, लोणचं घरून. झालं जेवण. शिवाय नागानोकडे 'ओयाकी' मिळतात, आपल्या दिंडांसारखे, आत भोपळा नाहीतर नोझावाचा पाला. भोपळ्याचे घ्या, पाल्याच्या सारणात दाशी असण्याची शक्यता जास्त.

वाचनमात्र_७७ | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:००

वाखु (वाचनखूण) साठवली. दिंडं आठवून भूक लागली.

गारवेल | ९ मार्च, रात्री ९:५०

मंडळी, परत आलो. कुणी विचारलं नाही तरी सांगणारच.

नवरा टोकियो स्टेशनवर कागायाकीत चढलाच होता. मी जाकीट धरून खाली ओढला. निशिकासाईकर, ती एक ओळ नसती तर आम्ही थेट कानाझावा बघितलं असतं.

पहिल्या दिवशी दोन तासांचा वर्ग घेतला. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पाय जपानी 'हा' अक्षरासारखे ठेवा. मग एका काठीने बर्फात ते काढून दाखवलं: दोन तिरक्या रेघा, वर जवळ, खाली लांब. तेवढ्याने मुलीला थांबता यायला लागलं. मला थांबता आलं ते तिसऱ्या दिवशी, तोवर मी बसून थांबत होते. खुर्चीच्या लिफ्टला पुढे दांडीच नव्हती, माझा जीव तिथे अर्धा झाला. लेकाने दुसऱ्या दिवशी गोंडोला गाठला आणि नीसेकोचं नाव परत काढलं नाही. नवरा पहिल्या दुपारनंतर "फोटो काढायला कुणीतरी हवं" म्हणून खालीच थांबला. निशिकासाईकर, तुम्ही ओळखलंत.

सासरे. काय सांगू. ओयुत पहिल्या दिवशी पायाचा अंगठा बुडवला आणि बाहेर आले. पाणी इतकं कढत. गार पाण्याचा नळ होता, पण आतले म्हातारे बसलेले असताना तो उघडायला त्यांना संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी खुणेने शिकवलं: बादलीने पायावर घ्या, मग मांडीवर, मग खांद्यावर, मग हलायचं नाही. तिसऱ्या दिवशी गळ्यापर्यंत. तेरापैकी नऊ झाली. उरलेली चार राहिल्याची खंत अजून काढतात. गुडघा तसाच आहे, पण तक्रार बंद.

सासूबाईंनी कपडे काढून चारचौघांत बसायला साफ नकार दिला. मग राहत होतो तिथलंच छोटं कुंड तासभर आमच्यापुरतं मिळालं, त्यात आम्ही दोघी बसलो. बाहेर बर्फ पडत होता. लग्नाला सोळा वर्षं झाली, इतक्या गप्पा पहिल्यांदाच झाल्या. मेतकूट-भात चार रात्री खाल्ला, पाचवीला टोकियोत दीरांनी पिझ्झा मागवला तर म्हणाल्या, "तो डब्यातला भात नाही का उरला?"

माई, गल्ल्या तुम्ही म्हणता तशाच. काटे बांधले होते, कुणी पडलं नाही. खोलीपासून ओयु एकशे चाळीस पावलं, सासऱ्यांनी मोजली.

कोकणातली_माई | १० मार्च, सकाळी ७:२०

मनगटं शाबूत आली, भरून पावले. पुढल्या वर्षी?

गारवेल | १० मार्च, रात्री १०:०५

लेक झाओ म्हणतोय, सासरे उरलेली चार म्हणतायत. बाब्या, झाओच्या गल्ल्या चढाच्या आहेत का, ते आधी सांग.

आणि हात गरम ठेवायच्या 'काइरो'च्या एकवीस पुड्या उरल्यात. पुण्यात आज ३६ अंश होतं. कुणी थंडीकडे निघालं असेल तर कळवा.

अण्णा_बेळगाव | १० मार्च, रात्री १०:३०

एप्रिलमध्ये गुलमर्गला चाललोय. सहा ठेवा.